टिकल्या लावलेला पेटारा

तायडे नानांच्या अॅम्प्लिफायरला टिकल्या लावलेल्या असत. लाल आणि हिरव्या, मखमली, बायका कपाळाला लावतात त्याच. काळ्या रंगाचा तो चांगला गुडघ्याएवढा उंच डबा, त्याच्या तोंडावर बटनांच्या तीन ओळी आणि प्रत्येक बटनाच्या कडेला एक लाल, एक हिरवी टिकली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, घरातल्या एखाद्या लहान मुलीने खेळता खेळता चिकटवल्या असतील. मी तसं बोलून दाखवलं नाही. तेव्हा मी कुणालाच काही बोलून दाखवत नसे.

मी एकोणीस वर्षांची होते. वडिलांची पाटबंधारे खात्यातून जळगावला बदली झाली होती. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी पुस्तकातून उचलल्यासारखं येई, आणि ते ऐकून कुणी हसलं की मी पुढचे दोन दिवस गप्प. शाळेत पियानो शिकले होते एवढंच भांडवल. आमच्या गल्लीत दिनकरभाऊ राहत. त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. त्यांचा कीबोर्डवाला नोकरीसाठी सुरतेला गेला आणि दिनकरभाऊ वडिलांकडे आले. वडिलांनी आधी नकारार्थी मान हलवली, मग विचारलं, "बाकी माणसं कोण आहेत?" गिटार तायडे सर वाजवतात, ते हायस्कूलला चित्रकला शिकवतात, हे कळल्यावर ते तयार झाले.

रविवारी दुपारी पिंप्राळ्याला नानांच्या पुढच्या खोलीत सराव असे. मी पहिल्या दिवशी "सर" म्हटलं, तर म्हणाले, "सर शाळेत. इथं नाना."

ठेंगणे, रुंद खांद्यांचे गृहस्थ. नखांच्या कडांना कायम कसला ना कसला रंग. पेटाऱ्याला हात लावण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायचे, आंघोळीला जाताना ठेवावं तसं. तो अॅम्प्लिफायर त्यांच्या बोलण्यात कायम 'पेटारा' असे. वरची ओळ गिटारच्या साफ आवाजाची. तिला ते 'घर' म्हणत. मधली ओळ खरखरीत, फाटक्या आवाजाची, ती 'बाजार'. खालची ओळ माझ्या कीबोर्डची. तिला त्यांनी नाव ठेवलं नव्हतं. मी आल्यावर काही दिवसांनी 'मीनलची खोली' म्हणू लागले.

"घरात माणूस हळू बोलतो, बाजारात ओरडतो," ते सांगत. "पण माणूस तोच आहे हे ओळखू आलं पाहिजे. घरातून बाजारात गेल्यावर दुसराच कुणी बोलायला लागला, तर काहीतरी चुकलं."

त्यांची पद्धत ठरलेली. आधी तिन्ही ओळींतली सगळी बटनं मधोमध, घड्याळात बारा वाजल्यासारखी उभी. मग एका वेळी एकच बटन. दोन्ही हात लावलेले त्यांना खपत नसत. "दोन फिरवली की कुणी बिघडवलं ते कळत नाही. मग दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात."

चित्रकलेचे मास्तर असल्यामुळे असेल, पण आवाजाबद्दल ते चित्रासारखं बोलत. बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, ती भुई. मिडल म्हणजे माणसं. ट्रेबल, म्हणजे वरचा टोकदार आवाज, ते ऊन. एकदा संजूला, म्हणजे दिनकरभाऊंच्या धुळ्याच्या भाच्याला, त्यांनी पेटारा लावायला दिला. संजूने भुई पूर्ण वर नेली, ऊन पूर्ण वर नेलं आणि माणसं शून्यावर आणली. एकट्याने वाजवलं तेव्हा खोली भरून गेली, मलाही आवडलं. मग ढोलक, कीबोर्ड आणि दिनकरभाऊंचा गळा एकत्र सुरू झाला आणि संजूची गिटार कुठे गेली ते कळेना. तो तारा तोडल्यासारखा वाजवत होता.

"माणसं काढून टाकलीस बाबा," नाना म्हणाले. "नुसता देखावा राहिला. देखाव्याला कोण ऐकणार?"

संजू हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो विसरणारा नव्हता.

टिकल्यांचं कोडं चोपड्याला उलगडलं. तिथल्या एका केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरचं लग्न, संध्याकाळचा स्वागताचा कार्यक्रम. दुपारी रिकाम्या मांडवात नानांनी पेटारा लावला आणि बटनं लाल टिकल्यांवर आणून ठेवली. माणसं बसायला लागली तसा आवाज मऊ पडत गेला. यजमानांचे थोरले भाऊ फेटा सावरत मंचापाशी आले आणि सगळी बटनं फुल करा म्हणून अहिराणीत सांगू लागले.

"भाऊ, आवाज कोठे शे? काहीच ऐकू येस नही. बठ्ठा बटना फुल फिरवा ना."

"आबा, जराखा थांबा," नाना म्हणाले. "लोके बठू द्या, मंग दखा."

आबा कमरेवर हात ठेवून तिथेच उभे राहिले. मांडव भरला. नानांनी ट्रेबलचं बटन लालवरून हिरव्या टिकलीपर्यंत, एवढंसं, सरकवलं. आवाज मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेला. आबांनी पेटाऱ्याकडे पाहिलं, मग नानांकडे, आणि पुन्हा पेटाऱ्याकडे. "कुकूले इचारीसन वाजाडतस का?" असं काहीतरी पुटपुटत ते गेले. कुंकवाला विचारून वाजवता का, हा त्याचा अर्थ मला नंतर कळला, पण ढोलकवाला पोट धरून हसत होता.

"लाल म्हणजे रिकामं मैदान, हिरवी म्हणजे भरलेलं," परतीच्या टेम्पोत नानांनी मला सांगितलं. "माणसं ऊन पितात. जेवढी माणसं जास्त, तेवढं ऊन जास्त लागतं." टिकल्या नानांच्या बायकोच्या, कमलकाकूंच्या पाकिटातल्या. काकूंची तक्रार असे की घरात पाकीट आणलं की निम्मं पेटाऱ्याच्या कपाळावर जातं.

आणखी एक सवय होती. बटन फिरवताना नाना बटनाकडे कधीच पाहत नसत. हात मागे पेटाऱ्यावर, आणि नजर समोर. मला वाटे, ते मैदानाचा अंदाज घेतात. मला त्यांनी मंचाच्या उजव्या कडेला, पेटाऱ्याच्या अगदी समोर उभं केलं होतं. प्रेक्षकांना माझा अर्धाच चेहरा दिसे. माझ्या बुजरेपणाची त्यांनी न बोलता सोय केली, असं मी धरून चालले होते. त्याबद्दल मनातून त्यांचे आभारही मानत असे.

आईने मला मंचावर पहिल्यांदा पाहिलं ते जळगावच्याच एका सभागृहात. घरी आल्यावर म्हणाली, "वाजवलंस छान. पण मधेच तोंड काय करतेस? लिंबू चावल्यासारखं. लोक बघतात गं. स्थळं यायची वेळ आहे."

त्यानंतर मी आरशासमोर उभी राहून वाजवायचा सराव केला. कीबोर्ड नसला तर टेबलावर बोटं आपटायची आणि चेहरा स्थिर ठेवायचा. महिन्याभरात मला ते जमलं. ट्रेबल कानात सुईसारखा घुसला तरी माझी भुवई हलत नसे. याचा मला थोडा अभिमानही वाटू लागला होता.

त्याच सुमारास लाल टिकली सरकू लागली. ट्रेबलची टिकली बाराच्या जरा उजवीकडे असायची, ती दोनवर गेली. पुढच्या कार्यक्रमात तीनवर. जुन्या टिकलीच्या जागी डिंकाचा गोल डाग राहायचा, त्यामुळे किती सरकली ते मोजायला काही करावं लागत नव्हतं. मी वाजवता वाजवता समोर बघितलं की दिसे. अमळनेरला पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानावर पदर घेतले. एरंडोलला पेटाऱ्यातून शिट्टी निघाली, अशी की ढोलकवाल्याची थाप चुकली. ढोलकवाल्याने खूण केली तेव्हा नानांनी आवाज कमी केला, शिट्टी थांबली, पण पुढच्या गाण्याला पुन्हा ट्रेबल वर गेला. दिनकरभाऊ मंचावर काही बोलले नाहीत. टेम्पोतही बोलले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. दिनकरभाऊ बोलत नाहीत म्हणजे त्यांचं ठरत आलेलं असतं.

धुळ्याच्या कार्यक्रमाआधी सरावाला ते संजूला घेऊन आले. संजूकडे नवी गिटार होती.

"नाना, स्पष्टच बोलतो," दिनकरभाऊ म्हणाले. "धुळ्याला संजू बरोबर असेल. पहिल्या तीन गाण्यांत कान टोचले, तर चौथ्याला तो उभा राहील. पुढेही तोच."

नाना घड्याळाच्या पट्ट्याशी खेळत होते. "धुळ्याला?" एवढंच म्हणाले.

धुळ्याचा कार्यक्रम जयंतीचा होता. ज्या वस्तीत नाना जन्मले, ज्या मैदानात पत्र्याच्या डब्याला तारा बांधून वाजवायला शिकले, तिथला. त्यांची म्हातारी आई, भाऊ, लहानपणी वर्गात असलेली पोरं, सगळे तिथे समोर बसणार. दरवर्षी जयंतीला नाना तायडेची गिटार, हे त्या मैदानात ठरलेलं होतं. बाकी कुठेही त्यांना बाजूला केलं असतं तर ते घरी येऊन चहा पिऊन चित्र काढत बसले असते. तिथे, आईच्या समोर गिटार उतरवून देणं ही वेगळी गोष्ट होती. दिनकरभाऊंना हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांनाही पुढच्या सुपाऱ्या सांभाळायच्या होत्या.

कमलकाकूंनी चहा आणला. कुणी कप उचलला नाही.

बाहेरगावचा कार्यक्रम म्हणून आई माझ्याबरोबर आली. एप्रिलचं ऊन, टेम्पोचा पत्रा हात लावू देत नव्हता. पारोळ्याच्या पुढे नाना एकदाच बोलले, "पाणी आहे का कुणाकडे?"

दुपारी मैदान रिकामं होतं. निळ्या पताका लागत होत्या. नानांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, सगळी बटनं बारावर आणली आणि सुरुवात केली. घराची ओळ. मग बाजार. मग माझी खोली. संजू मंचाच्या पायरीवर बसला होता, मांडीवर गिटार. दिनकरभाऊ हाताची घडी घालून मैदानाच्या मध्यावर उभे.

नानांची नजर समोर, हात मागे. ट्रेबल वर. आणखी वर. तो टोकदार आवाज थेट माझ्या अंगावर येत होता. डाव्या कानात आधी खाज सुटल्यासारखं झालं, मग दुखायला लागलं. आई पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी चेहरा हलू दिला नाही. नाना बघत राहिले आणि बटन आणखी वर गेलं.

"नाना, दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय," संजू पायरीवरून म्हणाला.

पताका बांधणारी पोरं हसली. नाना थांबले. त्यांनी एकदा संजूकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, पुष्कळ वेळ. मग म्हणाले, "पाणी पिऊन येतो. मीनल, तू पण चल."

मंचामागे पाण्याचा ड्रम होता. त्यांनी पेला भरला आणि हातात तसाच धरून ठेवला.

"तुला हल्ली काही टोचत नाही का गं?"

"टोचतं."

"आत्ता टोचत होतं?"

"फार."

"मग तोंड का तसं?"

"कसं?"

"सुट्टीतल्या फळ्यासारखं. काही लिहिलेलंच नसतं."

मग मी आईचं सांगितलं. लिंबाचं, लोक बघतात त्याचं, आरशाचं. स्थळांचं तेवढं गाळलं. नानांनी पेला ड्रमवर ठेवला. ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"मला ऊन दिसत नाही, मीनल," ते म्हणाले. "दोनेक वर्षं होत आली. खालचं सगळं ऐकू येतं, माणसं ऐकू येतात. वरचं गेलं. कायम ढगाळ. घरी कमलला माहीत आहे, दुसरं कुणाला नाही." मंचाच्या फळ्यांवर कुणीतरी चाललं, तसे ते थांबले. पावलं दूर गेल्यावर आणखी हळू म्हणाले, "तू आलीस तेव्हा पहिल्याच दिवशी मी पाहिलं. जरा टोचलं की तुझं नाक, भुवया, सगळं वर यायचं. मी तुझ्या तोंडावर आवाज लावत होतो. इतके दिवस. टोचलं की खाली, सैल झालं की बरोबर. म्हणून तर तुला तिथं उभं केलं."

बाहेर कुणीतरी माइकवर 'हॅलो, हॅलो' करत होतं.

"मग तुझं तोंड हलेचना. मला वाटलं अजून कमीच आहे. मी चढवत गेलो."

मी ड्रमच्या कडेला बोट फिरवत राहिले. कुणी माझ्या चेहऱ्याकडे इतकं लक्ष देऊन पाहत असेल, हे माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. आलं असतं तर मी बहुधा पहिल्याच दिवशी घरी गेले असते.

"नाना, आई पुढेच बसलीय," मी म्हणाले.

"बघितलं मी." त्यांनी खांद्यावरच्या पट्ट्याला हात घातला. "तुला जमणार नसेल तर राहू दे. मी दिनकरला आत्ताच सांगतो. वाजवू दे संजूला."

त्यांच्या आवाजात कुठेही गळ घालणं नव्हतं. ते खरंच जाऊन सांगणार होते. गिटारचा पट्टा त्यांनी खांद्यावरून अर्धा उतरवलाही होता.

"मागच्या वेळेस आईने लिंबू म्हटलं होतं," मी म्हणाले. "आज काय म्हणते बघू."

दिवस मावळताना मैदान भरलं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, कडेच्या भिंतीवर बसलेली माणसं. नानांची आई बायकांमध्ये पुढेच, माझ्या आईपासून हातभर अंतरावर. संजू पायरीखाली उभा, गिटार गळ्यात अडकवून. वंदना झाली. पहिलं गाणं घराच्या ओळीवरचं. नानांनी बटन हिरव्या टिकलीवर नेलं आणि मी इतक्या दिवसांची शिस्त सोडून दिली. सोपं नव्हतं. चेहरा आधी हललाच नाही, हात आखडल्यावर सोडवावा लागतो तसं झालं. मग कानात टोचलं आणि नाक आपोआप वर गेलं. नानांचं बटन खाली आलं. आणखी खाली. माझा जबडा सैल झाला. ते थांबले.

दुसरं गाणंही निभावलं. तिसऱ्याला बाजार लागणार होता.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर गिटारचा एकट्याचा तुकडा होता. नानांनी मधल्या ओळीवर उडी घेतली आणि पेटाऱ्याच्या आत कुठेतरी ती बारीक शिट्टी जागी झाली, एरंडोलची. अजून मैदानापर्यंत पोचली नव्हती. दिनकरभाऊंनी मान वळवली. संजूने पायरीवर एक पाय ठेवला. नानांना ती ऐकू येत नव्हती. ते मन लावून वाजवत होते आणि ती वाढत होती. मी डोळे मिटले, ओठ मुडपले, खांदेसुद्धा वर गेले असावेत. आईच्या समोर, स्थळांच्या समोर, सगळ्या मैदानासमोर.

डोळे उघडले तेव्हा नाना माझ्याकडे बघत होते. तार झंकारत सोडून त्यांचा उजवा हात मागे गेला होता. ट्रेबल खाली. मी मान हलवली नाही, फक्त तोंड वाकडंच राहू दिलं. आणखी खाली. शिट्टी बारीक झाली आणि मिटली. उरलेला तुकडा त्यांनी असा वाजवला की भिंतीवरची माणसं उभी राहिली. मग, गाणं चालू असतानाच, त्यांनी नखाने हिरवी टिकली उचकटली आणि नव्या जागी दाबून बसवली.

संजूने पाय खाली घेतला. चौथं गाणं सुरू झाल्यावर तो गिटार खोळीत घालताना मला दिसला. दिनकरभाऊ त्याच्याकडे बघत नव्हते, नानांकडेही नव्हते. ते गात होते.

कार्यक्रमानंतर नानांच्या आईच्या अंगणात जेवणं झाली. माझी आई भाकरी मोडत म्हणाली, "आज तर अगदी कहरच होता हो हिच्या तोंडाचा."

नाना पंगतीत समोर होते. "वहिनी," ते म्हणाले, "त्या तोंडाला काही म्हणू नका. ते आमच्या पेटाऱ्याचं बटन आहे."

आईला ते काही कळलं नाही. पण पुढे तिने लिंबाचा विषय काढला नाही.

पुढची जयंतीही नानांनीच वाजवली. त्यानंतर मी शिकायला पुण्याला गेले. निघण्याआधी सांगायला गेले तर पेटारा पुढच्या खोलीत नव्हता. कमलकाकू म्हणाल्या, "संजू घेऊन गेला. त्यांनीच बोलावून दिला. म्हणाले, मीनल चालली, आता कशाला." नाना आत चित्राला रंग देत बसले होते. मला म्हणाले, "पुण्यात उन्हाळा बरा असतो म्हणतात." संजूने त्या टिकल्या कधी काढल्या नाहीत. पुढे कुणी विचारलं की सांगे, काढल्या तर आवाज बिघडतो.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते जळगावच्या बस स्टँडवर. मी पुण्याहून सुट्टीला आले होते. दुपारची गर्दी, आणि लाउडस्पीकरमधून चोपड्याच्या गाडीची सूचना सुरू झाली ती मधेच कर्कश किंचाळली. फलाटावरच्या सगळ्यांनी कानावर हात ठेवले. एकच माणूस बाकावर शांत बसला होता, मांडीवर कापडी पिशवी, मनगटावर घड्याळ. मी हाक मारणार होते, पण त्या गोंगाटात ती पोचली नसती.

इतक्यात नानांनी मान वर केली. आधी त्यांना माझा चेहरा दिसला, नाक, भुवया, सगळं वर आलेलं. मग बहुधा मी. ते हसले नाहीत. त्यांनी शांतपणे घड्याळ काढून खिशात ठेवलं, हात हवेत थोडा पुढे केला, दोन बोटांत काहीतरी धरलं आणि माझ्याकडे बघत ते हळूहळू डावीकडे फिरवलं.